नागपूर हिवाळी अधिवेशन, डिसेंबर २०२४: खान्देशातले आमदार आणि सभागृहातली पदं, तारखेनिशी

तापीकाठ
खान्देशातल्या आमदारांच्या याद्या सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर आणि स्पर्धा परीक्षांच्या ग्रुपवर फिरत आहेत. त्यांतल्या बहुतेक याद्यांत तीन वेगवेगळ्या काळांची माहिती एकत्र झालेली दिसते. आमदार २०२४ चे, पक्ष २०१९ चा आणि मंत्रिपद मधल्याच कुठल्या तरी वर्षाचं. पोरं हेच पाठ करतात. म्हणून या धाग्यात फक्त एकच अधिवेशन घेऊ, नागपूरचं हिवाळी अधिवेशन, १६ ते २१ डिसेंबर २०२४. त्या सहा दिवसांत कोण सदस्य होतं, कोणत्या पक्षाचं होतं आणि कोणत्या पदावर होतं, एवढंच लिहायचं. पुढेमागे काय झालं ते लिहिलंत तर तारीख टाका.

मतदारसंघांचे क्रमांक उत्तरेकडून सुरू होतात, त्यामुळे राज्याच्या यादीतले पहिले वीस क्रमांक सलग आपलेच आहेत. नंदुरबार १ ते ४, धुळे ५ ते ९, जळगाव १० ते २०. जुळवणी क्रमांकावरून करा, नावावरून नको. कारण खाली दिसेलच.

१ अक्कलकुवा: आमश्या फुलजी पाडवी, शिवसेना
२ शहादा: राजेश उदेसिंग पाडवी, भाजप
३ नंदुरबार: डॉ. विजयकुमार कृष्णराव गावित, भाजप
४ नवापूर: शिरीषकुमार सुरूपसिंग नाईक, काँग्रेस
५ साक्री: मंजुळा तुळशीराम गावित, शिवसेना
६ धुळे ग्रामीण: राघवेंद्र मनोहर पाटील (राम भदाणे), भाजप
७ धुळे शहर: अनुप ओमप्रकाश अग्रवाल, भाजप
८ शिंदखेडा: जयकुमार जितेंद्रसिंह रावल, भाजप
९ शिरपूर: काशिराम वेचान पावरा, भाजप
१० चोपडा: चंद्रकांत बळीराम सोनवणे, शिवसेना
११ रावेर: अमोल हरिभाऊ जावळे, भाजप
१२ भुसावळ: संजय वामन सावकारे, भाजप
१३ जळगाव शहर: सुरेश दामू भोळे, भाजप
१४ जळगाव ग्रामीण: गुलाबराव रघुनाथ पाटील, शिवसेना
१५ अमळनेर: अनिल भाईदास पाटील, राष्ट्रवादी
१६ एरंडोल: अमोल चिमणराव पाटील, शिवसेना
१७ चाळीसगाव: मंगेश रमेश चव्हाण, भाजप
१८ पाचोरा: किशोर आप्पा पाटील, शिवसेना
१९ जामनेर: गिरीश दत्तात्रय महाजन, भाजप
२० मुक्ताईनगर: चंद्रकांत निंबा पाटील, शिवसेना

शिवसेना म्हणजे एकनाथ शिंदे यांच्या नेतृत्वाखालची आणि राष्ट्रवादी म्हणजे अजित पवार यांच्या नेतृत्वाखालची, ज्यांना मूळ चिन्हं मिळाली ते पक्ष. बेरीज अशी: भाजप ११, शिवसेना ७, राष्ट्रवादी १, काँग्रेस १. विरोधी बाकावर आपल्याकडून फक्त नवापूर.

राखीव जागा: अनुसूचित जमातीच्या सात (क्रमांक १, २, ३, ४, ५, ९, १०) आणि अनुसूचित जातीची एक, भुसावळ. उरलेल्या बारा सर्वसाधारण.

तोरणमाळ
छान मांडलंत, तापीकाठ भाऊ. नावांच्या घोळाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. या वीसमध्ये पाटील सहा आहेत: क्रमांक ६, १४, १५, १६, १८, २०. पाडवी दोन, गावित दोन, अमोल दोन, चंद्रकांत दोन. त्यात कोथरूडचे चंद्रकांत पाटील मंत्री आहेत, म्हणून मुक्ताईनगरच्या आमदारांच्या नावापुढे "मंत्री" लागलेलं सर्रास दिसतं. "आमदार चंद्रकांत पाटील" एवढंच लिहिलं तर माणूस ओळखूच येत नाही. वडिलांचं नाव आणि मतदारसंघ हवाच.

धुळे ग्रामीणचं उलटं आहे. लोक त्यांना राम भदाणे म्हणतात, पण अधिकृत नाव राघवेंद्र मनोहर पाटील आहे. विधिमंडळाच्या यादीत "भदाणे" शोधलं आणि सापडलं नाही, म्हणून एकाने तिथे चक्क २०१९ चे कुणाल पाटील कायम ठेवले होते. आडनाव तेच असल्याने कुणाच्या लक्षातही आलं नाही.

एरंडोलला चिमणराव पाटील २०१९ चे आणि अमोल चिमणराव पाटील २०२४ चे. चोपड्याला लता सोनवणे २०१९ च्या, चंद्रकांत सोनवणे २०२४ चे. घर तेच असलं तरी सदस्य वेगळे आहेत. वीसमध्ये महिला सदस्य आता एकच, साक्रीच्या मंजुळाताई. २०१९ ला दोन होत्या.

सारंगखेडा
एक विचारायचं होतं. क्लासच्या नोट्समध्ये धुळ्याच्या खाली मालेगाव मध्य आणि बागलाणचे आमदार दिले आहेत, आणि रावेरच्या खाली मलकापूर. मग खान्देशात वीस कसे?

लळिंग
ती यादी लोकसभेच्या मतदारसंघावरून बनवलेली आहे, म्हणून तसं झालं. धुळे लोकसभेत धुळे ग्रामीण, धुळे शहर आणि शिंदखेडा या आपल्या तीन जागा आहेत. बाकीच्या तीन मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण नाशिक जिल्ह्यातल्या. रावेर लोकसभेत चोपडा, रावेर, भुसावळ, जामनेर, मुक्ताईनगर या पाच जळगाव जिल्ह्यातल्या आणि मलकापूर बुलढाणा जिल्ह्यातली. नंदुरबार लोकसभेत साक्री आणि शिरपूर धुळे जिल्ह्यातून जातात. तीन जिल्ह्यांची बेरीज केली की वीसच येतात, ४ + ५ + ११. चार लोकसभा मतदारसंघांच्या प्रत्येकी सहा जागा घेतल्या की चोवीस होतात. त्या वरच्या चार जागा आपल्या नाहीत.

आता पदांकडे वळू. तापीकाठ भाऊंनी अधिवेशन १६ तारखेपासून धरलंय, पण त्याआधीचा आठवडा समजल्याशिवाय पदं कळत नाहीत.

निकाल २३ नोव्हेंबरला लागला. ५ डिसेंबरला आझाद मैदानावर देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्री म्हणून आणि एकनाथ शिंदे, अजित पवार यांनी उपमुख्यमंत्री म्हणून शपथ घेतली. ७ ते ९ डिसेंबर मुंबईत विशेष अधिवेशन झालं. निवडून आलेला माणूस निकालाच्या दिवसापासून आमदार म्हणवला जातो, पण सभागृहात बसायला आणि मत द्यायला अनुच्छेद १८८ ची शपथ लागते. शपथेआधी बसला किंवा मत दिलं तर अनुच्छेद १९३ प्रमाणे दर दिवसाला ५०० रुपये दंड आहे. ही शपथ कोणासमोर घ्यायची, तर हंगामी अध्यक्षांसमोर. जुन्या सभागृहाचे अध्यक्ष नव्या सभागृहाच्या पहिल्या बैठकीच्या अगदी आधीपर्यंत पदावर असतात, उपाध्यक्षांना ती सवलत नाही. म्हणून राज्यपाल अनुच्छेद १८० खाली एका सदस्याला हंगामी अध्यक्ष नेमतात. ते होते वडाळ्याचे कालिदास कोळंबकर, नऊ वेळा निवडून आलेले. महाविकास आघाडीच्या सदस्यांनी ७ तारखेला शपथ घेतली नाही, ८ तारखेला घेतली. ९ तारखेला राहुल नार्वेकर बिनविरोध अध्यक्ष झाले आणि त्याच दिवशी विश्वासदर्शक ठराव आवाजी मतदानाने मंजूर झाला.

म्हणजे त्या विशेष अधिवेशनात मंत्री एकूण तीनच, आणि खान्देशचा एकही नाही. "२०२४ च्या पहिल्या अधिवेशनातले खान्देशचे मंत्री" या प्रश्नाचं उत्तर शून्य आहे.

तापीकाठ
लळिंगदादांचा मुद्दा पुढे नेतो. १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात ३९ जणांचा शपथविधी झाला, ३३ कॅबिनेट आणि ६ राज्यमंत्री. त्यात आपले चौघे, चौघेही कॅबिनेट: गिरीश महाजन, गुलाबराव पाटील, जयकुमार रावल, संजय सावकारे. आधीच्या सरकारातले विजयकुमार गावित आणि अनिल पाटील यांना या वेळी स्थान नव्हतं, तरी बऱ्याच याद्यांत ते अजून मंत्री आहेत.

पुढची गोष्ट नीट ध्यानात ठेवा. खातेवाटप जाहीर झालं ते २१ डिसेंबरला, अधिवेशन संपल्यावर. म्हणजे नागपूरच्या सहाही दिवसांत हे चौघे मंत्री होते, पण त्यांच्याकडे खातं नव्हतं. गुलाबरावांकडे पाणीपुरवठा व स्वच्छता, महाजनांकडे जलसंपदा (विदर्भ, तापी आणि कोकण महामंडळं) व आपत्ती व्यवस्थापन, रावलांकडे पणन व राजशिष्टाचार आणि सावकारेंकडे वस्त्रोद्योग हे सगळं २१ नंतरचं. अधिवेशनाच्या यादीत या चौघांपुढे फक्त "मंत्री, १५ डिसेंबरपासून" असं लिहायचं.

पालकमंत्रिपद तर त्याहून पुढचं, १८ जानेवारी २०२५ चं. जळगाव गुलाबराव पाटील, धुळे रावल, सावकारेंना भंडारा आणि नंदुरबारला सिन्नरचे माणिकराव कोकाटे. पालकमंत्री हे जिल्ह्याच्या कारभाराचं पद आहे, सभागृहातलं नाही, त्यामुळे आपल्या तक्त्यात त्याचा रकानाच नको.

सारंगखेडा
मंत्री ४३ होऊ शकत होते ना? मग ४२ का?

लळिंग
९१ व्या घटनादुरुस्तीने (२००३) मुख्यमंत्र्यांसह मंत्र्यांची संख्या विधानसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या १५ टक्क्यांच्या पुढे नेता येत नाही. २८८ चे १५ टक्के ४३.२, म्हणून ४३. ती कमाल मर्यादा आहे, तेवढे भरलेच पाहिजेत असं नाही. ३ + ३९ = ४२ झाले, एक जागा मोकळी ठेवली. विधान परिषदेचे ७८ सदस्य या हिशेबात धरत नाहीत, फक्त विधानसभेचे.

तोरणमाळ
परिषदेचं नाव निघालंच आहे तर तीही नोंदवू. विधिमंडळ म्हटलं की दोन्ही सभागृहं आली, आणि खान्देशच्या याद्यांत परिषद जवळपास नेहमीच राहून जाते.

डिसेंबर २०२४ ला आपल्या भागाशी थेट संबंध असलेले सदस्य असे. एकनाथ खडसे, राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार), विधानसभा सदस्यांकडून २०२२ ला निवडून आलेले. अमरीश पटेल, भाजप, धुळे-नंदुरबार स्थानिक प्राधिकारी मतदारसंघातून २०२१ च्या शेवटी बिनविरोध. नाशिक विभाग पदवीधरचे सत्यजीत तांबे, अपक्ष, २०२३. नाशिक विभाग शिक्षकचे किशोर दराडे, शिवसेना, २०२४. शेवटच्या दोन मतदारसंघांत नाशिक, अहिल्यानगर, धुळे, जळगाव, नंदुरबार हे पाचही जिल्हे येतात, म्हणून दोघेही खान्देशचे प्रतिनिधी आहेत, घर कुठेही असो.

जळगाव स्थानिक प्राधिकारी मतदारसंघाची जागा मात्र रिकामी. चंदुलाल पटेल यांची मुदत डिसेंबर २०२२ ला संपली. त्या मतदारसंघाचे मतदार म्हणजे जिल्हा परिषद, महापालिका, नगरपालिकांचे निवडून आलेले सदस्य. जिल्ह्यातल्या किमान ७५ टक्के स्थानिक संस्था अस्तित्वात असतील आणि किमान ७५ टक्के मतदार असतील, तरच निवडणूक आयोग ही निवडणूक लावतो. संस्थांवर प्रशासक बसले की मतदारच उरत नाहीत. जळगाव जिल्ह्यातल्या नगरसेवकांची आणि जिल्हा परिषद सदस्यांची निवडणूक लांबली, त्याचा फटका असा थेट वरच्या सभागृहातल्या जागेला बसला. हे फार गंभीर आहे आणि आपल्याकडे त्याबद्दल कोणी बोलत नाही. तक्त्यात "रिक्त" लिहा, जागा गाळू नका. गाळली की वाचणाऱ्याला कळतच नाही की जळगावची एक जागा दोन वर्षं बिनप्रतिनिधी होती.

दुसरी एक रिकामी जागा आमश्या पाडवींची. ते २०२२ ला विधान परिषदेवर निवडून गेले होते. नोव्हेंबर २०२४ ला अक्कलकुव्यातून विधानसभेवर आले. अनुच्छेद १९०(१) प्रमाणे दोन्ही सभागृहांचं सदस्यत्व एकाच वेळी ठेवता येत नाही, म्हणून परिषदेची जागा सुटली. मार्च २०२५ च्या पोटनिवडणुकीत त्या जागेवर शिवसेनेचेच चंद्रकांत रघुवंशी बिनविरोध आले, तेही नंदुरबारचेच. म्हणजे नागपूरच्या यादीत रघुवंशींचं नाव आलं तर चूक, आणि २०२५ च्या पावसाळी अधिवेशनाच्या यादीतून गाळलं तरीही चूक. आणि हो, हे तिसरे चंद्रकांत.

परिषदेच्या सभापतिपदाचीही नोंद घ्या. रामराजे नाईक-निंबाळकर यांची मुदत जुलै २०२२ ला संपल्यापासून ते पद रिक्त होतं आणि उपसभापती नीलम गोऱ्हे कामकाज चालवत होत्या. १९ डिसेंबर २०२४ ला, म्हणजे याच अधिवेशनाच्या मधोमध, राम शिंदे बिनविरोध सभापती झाले. १६ ते १८ एक स्थिती, १९ पासून दुसरी. एका अधिवेशनाला एकच नाव लिहायची सवय इथे चालत नाही.

कानबाई
विधानसभेच्या उपाध्यक्षपदाचंही तसंच. आधीचे उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ १५ डिसेंबरला मंत्री झाले. नवे उपाध्यक्ष अण्णा बनसोडे २६ मार्च २०२५ ला निवडले गेले. नागपूरच्या यादीत उपाध्यक्ष: रिक्त. अध्यक्ष आसनावर नसताना तालिका अध्यक्ष बसतात, पण ते त्या अधिवेशनापुरते अध्यक्षांनी नेमलेले सदस्य असतात. त्यांना उपाध्यक्ष समजू नका.

आणि विरोधी पक्षनेता: विधानसभेत रिक्त. विरोधातला सगळ्यात मोठा पक्ष शिवसेना (उद्धव बाळासाहेब ठाकरे), २० सदस्य. मग काँग्रेस १६, राष्ट्रवादी (शरदचंद्र पवार) १०. परिषदेत मात्र अंबादास दानवे विरोधी पक्षनेते होते. प्रश्नपत्रिकेत नुसतं "विधिमंडळातील विरोधी पक्षनेता" विचारलं तर सभागृह कोणतं ते आधी पाहा.

सारंगखेडा
२९ सदस्य नसले की विरोधी पक्षनेतेपद मिळतच नाही, असा कायदा आहे असं सगळीकडे वाचलं.

कानबाई
सारंगखेडा भाऊ, १० टक्के म्हणजे २९ हा संकेत आहे. महाराष्ट्रात विरोधी पक्षनेत्यांच्या वेतन-भत्त्यांचा १९७८ चा कायदा आहे. त्यात विरोधातल्या सर्वाधिक सदस्यसंख्येच्या पक्षाचा नेता आणि त्याला अध्यक्षांची किंवा सभापतींची मान्यता, असा निकष आहे. टक्केवारी नाही. म्हणून अध्यक्षांची मान्यता हा कळीचा शब्द. १९६२ च्या विधानसभेत २६४ पैकी शेतकरी कामगार पक्षाचे १५ सदस्य होते, तरी कृष्णराव धुळप विरोधी पक्षनेते होते. १५ म्हणजे सहा टक्क्यांहूनही कमी. गोंधळ होतो तो २९ या आकड्यामुळे, कारण गणपूर्तीलाही (सभागृह चालायला लागणारी किमान उपस्थिती) तेवढेच लागतात आणि ती मात्र अनुच्छेद १८९ मध्ये स्पष्ट लिहिलेली आहे, एकूण सदस्यांचा दहावा भाग.

माझं मत विचाराल तर हे पद रिकामं राहणं सभागृहाला परवडत नाही. विरोधकांच्या बाजूने वेळ मागणारा, कामकाज सल्लागार समितीत भांडणारा एक ठरलेला माणूस लागतो. खान्देशाने ते पद याआधी भूषवलेलं आहे. प्रतिभाताई पाटील १९७९-८० ला, एकनाथ खडसे २००९ ते २०१४. विधानसभेचं अध्यक्षपदही दोनदा: रावेर तालुक्यातल्या खिरोद्याचे मधुकरराव चौधरी १९९० ते १९९५ आणि चोपड्याचे अरुणभाई गुजराथी १९९९ ते २००४. खडसे आता परिषदेत आहेत, विधानसभेत नाहीत, हेही पुष्कळ जण विसरतात.

लळिंग
पक्षाच्या रकान्याबद्दल एक सूचना. तो एकच ठेवू नका. "निवडून आला तो पक्ष" आणि "त्या तारखेला विधिमंडळात ज्या पक्षाचा" असे दोन ठेवा. डिसेंबर २०२४ ला वीसही जणांचे दोन्ही रकाने सारखेच येतील, त्यामुळे दुसरा निरुपयोगी वाटेल. पण हाच तक्ता मागे नेऊन ३ आणि ४ जुलै २०२२ च्या विशेष अधिवेशनाला लावा, मग दुसऱ्या रकान्याशिवाय काहीच समजणार नाही. २०१९ ला आपल्याकडे भाजप ८, शिवसेना ४, काँग्रेस ४, राष्ट्रवादी १, एमआयएम १, अपक्ष २ होते. अपक्ष म्हणजे साक्री आणि मुक्ताईनगर. जून २०२२ ला शिवसेना फुटली तेव्हा ते दोघेही शिंदेंसोबत गेले, आणि शिवसेनेचे चौघेही. ज्या सोळा जणांवर अपात्रतेच्या नोटिसा निघाल्या त्यांत आपले दोन होते, चिमणराव पाटील आणि लता सोनवणे. अपक्ष त्या सोळांत नव्हते. पक्षादेश पक्षाच्या सदस्याला लागतो, अपक्षाला नाही. अपक्षाला पक्षांतरबंदीच्या दहाव्या अनुसूचीत वेगळं कलम आहे, निवडून आल्यावर पक्षात प्रवेश केला तर तो अपात्र ठरतो.

प्रतोद (सभागृहात पक्षादेश काढणारा सदस्य) कोणाचा खरा, हाही तेव्हाचाच वाद. ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की प्रतोद नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा, विधिमंडळ पक्षाचा नाही. दोनच महिन्यांत राष्ट्रवादीत तोच पेच आला आणि त्यात अमळनेरचे अनिल पाटील होते. अजित पवार गटाचे प्रतोद ते, शरद पवार गटाने नेमलेले जितेंद्र आव्हाड. त्या काळातल्या अधिवेशनाच्या तक्त्यात प्रतोदाच्या नावापुढे "कोणी नेमला" हे लिहिल्याशिवाय नोंद पुरी होत नाही.

पाटणादेवी
मतदानाचे आकडे वाचताना एक काळजी घ्या. बहुमत १४५ हे २८८ सगळे हजर असतील तेव्हाचं. विश्वासदर्शक ठराव हजर राहून मत देणाऱ्यांच्या बहुमताने सुटतो आणि अध्यक्षांचं मत फक्त समसमान झालं तरच. ४ जुलै २०२२ ला १६४ विरुद्ध ९९ झालं, म्हणजे मतं पडली २६३. उरलेले सगळे विरोधात होते असं नाही, काही गैरहजर, तिघे तटस्थ. त्या तिघांत धुळे शहराचे तेव्हाचे आमदार फारूख शाह होते. गैरहजर आणि तटस्थ वेगळे लिहा. आवाजी मतदानाला मात्र नावनिशी नोंदच नसते, त्यामुळे ९ डिसेंबर २०२४ ला कोणी कसं मत दिलं हा रकाना कोराच राहणार. तिथे पक्षावरून अंदाजाने भरू नका.

तापीकाठ
सगळ्यांच्या सूचना घेऊन तक्त्याचे रकाने असे पक्के करतो: मतदारसंघ क्रमांक, मतदारसंघ, आरक्षण, पूर्ण नाव वडिलांच्या नावासह, रूढ नाव, निवडून आला तो पक्ष, त्या तारखेचा पक्ष, सभागृहातलं पद, पद कधीपासून, पद कधीपर्यंत, शेरा. परिषदेचं पान वेगळं, त्यात आरक्षणाऐवजी मतदारसंघाचा प्रकार आणि सदस्यत्वाची मुदत. रिक्त जागेला स्वतंत्र ओळ.

भरताना क्रम असा ठेवा. नाव आणि पक्ष निवडणूक आयोगाच्या निकालपत्रावरून. पदं राजपत्र आणि विधिमंडळाच्या पत्रक भाग दोनवरून. बातमी वापरायची ती फक्त तारीख ताडून पाहायला. विधिमंडळाच्या संकेतस्थळावरची सदस्ययादी आजची असते, तेव्हाची नाही. मधे कोणी राजीनामा दिला, वारलं किंवा पोटनिवडणूक झाली की जुनं नाव तिथून जातं. म्हणून अधिवेशन चालू असतानाच यादी उतरवून तारीख टाकून ठेवा.

नंदुरबारच्या चार जागा तोरणमाळ भाऊंनी घ्याव्यात, धुळ्याच्या पाच लळिंगदादांनी, जळगावच्या अकरा मी आणि पाटणादेवी भरतो. परिषदेचं पान कानबाई ताईंकडे. सारंगखेडा भाऊ, तुम्ही भरलेला तक्ता क्रमांकावरून तपासा, १ ते २० सलग येतात का आणि पाटील सहाच आहेत का ते बघा.

कानबाई
परिषदेचं घेतलं. राज्यपालनियुक्त बारांपैकी सात जागा ऑक्टोबर २०२४ ला भरल्या आणि पाच रिकाम्या होत्या, त्यांची ओळही टाकते, म्हणजे ७८ ची बेरीज जुळवताना अडणार नाही.